तारवाद्य शिकताना बोटं हुळहुळी झाली तर: काय लावायचं आणि कधी लावायचं

गिटार, सतार, व्हायोलिन, युकुलेले, काहीही शिकायला घ्या. पहिले दोन दिवस मजेत जातात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डाव्या हाताची बोटं कुरकुरायला लागतात. टोकं लाल होतात, मोबाइलच्या काचेला बोट लागलं तरी चुरचुरतं, शर्टाचं बटण लावताना तोंड वाकडं होतं. क्लासला आलेलं पोरगं बोट पुढे करून म्हणतं, "सर, लय झोंबून राहिलं ना." मागून त्याची आई विचारते, "काहो सर, हळद-तेल लावून देऊ का?"

द्या लावून. पण रात्री झोपताना.

आपल्याकडचे घरगुती उपाय बहुतेक चांगलेच आहेत. घोळ होतो तो वेळेचा. तेच खोबरेल रात्री लावलं तर कातडी सावरते; रियाजाच्या आधी चोळून मुरवलं तर कातडी मऊ पडते आणि तार जास्त रुतते. कोरफडीचं, तुरटीचं, मेंदीचंही तसंच. त्यामुळे खाली काय लावायचं हे सांगताना प्रत्येक ठिकाणी कधी लावायचं हेही सांगितलं आहे, आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे.

पायरी १: दुखणं कुठलं ते ओळखा

चांगल्या उजेडात बोट धरून बघा. रियाज संपल्या संपल्या टोकावर तारेची खाच दिसते, भोवती लाली असते. तासाभरात खाच भरून येते, लाली उतरते, हुळहुळेपणा मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो. हे नेहमीचं आहे. कातडीचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो, केराटिन नावाच्या चिवट प्रथिनाने भरलेला. एकाच जागी रोज दाब आणि घासणं होत राहिलं की खालून नव्या पेशी जास्त वेगाने तयार होतात आणि वरचा थर जाड होतो. त्यालाच आपण घट्टा म्हणतो. कातडीचा हा वरचा भाग पूर्ण बदलायला साधारण महिना लागतो, त्यामुळे घट्टा चार दिवसांत येत नाही. रोज थोडं थोडं वाजवणाऱ्याचं दुखणं दोन आठवड्यांत बरंच उतरतं, तीन-चार आठवड्यांत टोकं टणक लागायला लागतात. कोणताही पाला किंवा तेल हा काळ निम्म्यावर आणत नाही. उपायांनी दोनच कामं करायची: तेवढ्या दिवसांत कातडी फाटू द्यायची नाही, आणि चुरचुर कमी करायची.

फोड आला असेल, म्हणजे आत पाणी भरून कातडी फुगली असेल, तर एका बैठकीत जास्त वाजवलं गेलं आहे. चीर पडली असेल तर ती जखम आहे, तिला घट्ट्याचे उपाय लागू होत नाहीत. या दोन्हींविषयी पुढे वेगळं लिहिलं आहे. आणि मुंग्या मनगटापर्यंत येत असतील, रात्री हात बधिर होत असेल, तर तो प्रश्न कातडीचा नाही. मनगट फार वाकतंय का, खांदा आखडतोय का, हे शिकवणाऱ्यांना बघायला सांगा. आठवडाभरात फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा.

सरोद आणि सारंगीवाल्यांचं दुखणं वेगळ्या जागी असतं. सरोदीया तार नखाने दाबतो, त्यामुळे त्याच्या नखाला खाचा पडतात. सारंगीवाल्याची नखाच्या मुळाजवळची कातडी तारेला घासते. त्यांनी इथले रात्रीचे उपाय घ्यावेत, बाकी गुरुजींना विचारावं.

पायरी २: औषधाआधी वाद्य बघा

नवख्यांच्या दुखण्यात वाद्याचा वाटा मोठा असतो आणि तो कुणी तपासत नाही. गिटारच्या बाराव्या पडद्यापाशी (फ्रेटपाशी) तार आणि पडदा यांच्यातलं अंतर मोजा. २ ते २.५ मिलिमीटर असेल तर ठीक. स्वस्त गिटारींमध्ये ते बऱ्याचदा ४ मिलिमीटरपर्यंत असतं, आणि तेवढी तार खाली दाबताना बोटाचा जीव जातो. मानेतला रॉड आणि ब्रिजवरची हाडाची पट्टी नीट करून हे अंतर कमी करता येतं. जिथे गिटारी दुरुस्त होतात अशा दुकानात नेऊन 'तारा खाली घ्या' एवढं सांगितलं तरी त्यांना कळतं.

दुसरं, तारांची जाडी. स्टीलच्या तारांच्या गिटारीवर सहसा पहिली तार ०.०१२ इंचाची असलेला संच चढवलेला असतो. नवख्याने ०.०१० इंचाचा संच मागावा. ताण कमी, दाब कमी. आवाज थोडा पातळ येतो, पण पहिल्या तीन महिन्यांत तुमच्या आवाजाची कुणी परीक्षा घेत नाही. लहान मुलांना तर मी सरळ नायलॉनच्या तारांची गिटार किंवा युकुलेले सुचवतो. दहा वर्षांच्या पोराच्या बोटाला स्टीलची तार देऊन 'सहन कर' म्हणण्यात काही अर्थ नाही.

कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, असेल तर पहिल्या किंवा दुसऱ्या पडद्यावर लावा. तिथे तारा पडद्याच्या जास्त जवळ येतात आणि हलक्या दाबात वाजतात. कॅपो नसेल तर सगळ्या तारा अर्धा स्वर खाली उतरवून लावल्या तरी ताण कमी होतो.

गंज बघा. तारेवरून कोरडं पांढरं फडकं फिरवा. काळं-तपकिरी निघालं तर ती तार कानशीसारखी बोट घासते आहे. अशा तारेवर कितीही तूप लावून वाजवा, बोट सोलून निघणारच. सतारीचंही असंच. बाजाची, म्हणजे मुख्य वाजवायची तार साधारण ०.३ मिलिमीटरची पोलादी असते आणि मींड घेताना, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग जाताना, ती बोटाखाली आडवी ओढली जाते, त्यामुळे तिथे जरासा गंजही लगेच जाणवतो. सतार नवी घेणार असाल तर मिरजेची, ओळखीतल्या कुणाकडून तपासून घ्या. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

पायरी ३: दाब मोजायला शिका

हा उपाय फुकट आहे आणि बाकी सगळ्यांपेक्षा जास्त कामाचा आहे. एक स्वर दाबून वाजवा. आता बोटाचा दाब हळूहळू कमी करत वाजवत राहा. एका क्षणी तार झणझणायला लागेल, आवाज बसेल. तिथून किंचितसा दाब वाढवला की आवाज पुन्हा साफ होतो. तेवढाच दाब लागतो. बहुतेक नवखे त्याच्या दुप्पट-तिप्पट दाब देतात. बोट पडद्याच्या अगदी मागे, त्याला खेटून ठेवलं तर आणखी कमी लागतो. दोन पडद्यांच्या मधोमध ठेवलं तर जास्त. रोज रियाजाची पहिली दोन मिनिटं यालाच द्या. नखं कापलेली असू द्या, नाहीतर बोट आडवं पडतं आणि दुखणं टोकाऐवजी बाजूला सरकतं.

सतार शिकणाऱ्यांनी पहिले तीन आठवडे मींड टाळावी, फक्त सरळ अलंकार वाजवावेत. मींडेत तार चार-पाच स्वरांपर्यंत खेचली जाते; कच्च्या कातडीवर तो ताण म्हणजे चीर ठरलेली. गुरुजी लवकर मींड देत असतील तर "बोट अजून तयार नाही, गुरुजी" एवढं म्हणायला हरकत नाही. त्यांना वाईट वाटत नाही, त्यांचीही बोटं कधीतरी कापलेली असतात.

पायरी ४: रोजचा क्रम

इथे थोडं सविस्तर.

रियाजाआधी बोटं कोरडी हवीत. आपल्याकडे सकाळी आंघोळ, देवपूजा आणि मग रियाज अशी रीत आहे. रीत छान आहे, पण आंघोळीनंतर बोटांची टोकं पाणी पिऊन फुगलेली असतात आणि तार त्यात जास्त रुतते. आंघोळ आणि रियाज यांच्यात अर्धा तास तरी जाऊ द्या. चहा, पेपर, काहीही. भांडी घासणं, कपडे धुणं, कणिक मळणं यांनंतरही तसंच. हात साबणाने धुवायचेच असतील तर आधीच धुऊन, पुसून, वाळवून बसा.

रियाज तुकड्यांत करा. एका दमात तासभर वाजवण्याऐवजी १५ मिनिटांच्या तीन-चार बैठका दिवसभरात विभागा. घट्टा येण्यासाठी रोजचा थोडा दाब लागतो. रविवारी तीन तास आणि बाकी सहा दिवस सुट्टी या वेळापत्रकाने फक्त फोड येतात. टोक जळल्यासारखं वाटलं की थांबा. 'दुखल्याशिवाय येत नाही' हे खरं आहे, पण ते हुळहुळण्याविषयी, सोलून निघण्याविषयी नाही.

रियाज संपल्यावर लगेच बोटं थंड पाण्यात धरा, पाचेक मिनिटं. नागपुरात एप्रिल-मे मध्ये गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी दुपारी चटका लागेल इतकं तापलेलं असतं, त्याखाली बोटं धरून काही होत नाही. माठातलं पाणी वाटीत घ्या. बर्फ थेट लावू नका; लावायचाच असेल तर फडक्यात गुंडाळून. आणि हे रियाजानंतरच. आधी गार केलेलं बोट बधिर होतं, दाबाचा अंदाज चुकतो.

त्यानंतर कोरफड. गॅलरीतल्या कुंडीत बहुतेकांकडे असतेच. खालचं जाड पान बुडापासून कापा आणि कापलेली बाजू खाली करून १०-१५ मिनिटं पेल्यात उभं ठेवा. पिवळसर चीक निथळून जातो. हा चीक कातडीला झोंबतो, काहींना त्याने खाज सुटते, त्यामुळे ही पायरी गाळू नका. मग पान धुऊन, काटेरी कडा सुरीने काढून, वरची हिरवी साल सोला. आतला पारदर्शक गर चमच्याने स्टीलच्या स्वच्छ डबीत काढून फ्रिजमध्ये ठेवा. दोन-तीन दिवस चालतो, नंतर फेकून द्या. पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून दिवसभर बघा, लाल झालं तर हा उपाय तुमच्यासाठी नाही. लाली असलेल्या टोकांवर पातळ थर द्या, वाळू द्या, धुऊन टाका. त्यानंतर तासभर वाद्याला हात लावू नका, गराचा चिकटपणा तारांवर राहतो.

रात्री तेल. खोबरेल सगळ्यात सोपं. चिमूटभर हळद घालून कोमट केलेलं खोबरेल टोकांवर लावून, जुन्या सुती कापडाची पट्टी सैल गुंडाळून झोपा. हळदीत जंतूंना आवर घालणारा गुण थोडाफार आहे, पण ती डाग पाडते: उशीच्या खोळीवर, व्हायोलिनच्या गजाच्या केसांवर, गिटारच्या फिकट लाकडावर. सकाळी साबणाने नीट धुतल्याशिवाय वाद्य उचलू नका. घरात शतधौत घृत, म्हणजे शंभर वेळा पाण्याने धुतलेलं तूप असेल तर ते हळद-तेलापेक्षा बरं वाटतं. पांढरं, लोण्यासारखं, लावलं की गार. साधं साजूक तूपही चालतं. रोज मात्र नको. आठवड्यातून तीन-चार रात्री पुरे. रोज रात्री भरपूर तेल मुरवत राहिलात तर टोकं मऊच राहतात.

सतारीच्या तेलाचं काय?

इथे कुणीतरी हटकून विचारतं: सतारवाले तर वाजवतानाच तेल लावतात, मग तेल मऊ करतं कसं म्हणता?

सतारवाल्याच्या शेजारी एक छोटी डबी असते, तिच्यात कापसाचा बोळा आणि त्यावर थोडं तेल, बहुधा खोबरेल. वाजवता वाजवता तो डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट त्या बोळ्यावर अलगद टेकवतो आणि पुढे जातो. ते तेल बोट तारेवरून घसरावं म्हणून असतं. पृष्ठभागावर पातळ थर, बस. कातडीत चोळून मुरवत नाहीत. हा फरक हाताला लगेच कळतो: बोळ्यावर बोट टेकवून बघा, चमक येते पण ओलावा लागत नाही. तेल ठिबकत असेल तर जास्त झालं. पडद्यांवर आणि दांड्यावर ओघळून धूळ धरतं. जुन्या सतारियांच्या त्या दोन बोटांवर काळपट चिरा दिसतात, त्या तारेने वर्षानुवर्षं कोरलेल्या असतात. नवख्याने त्या लवकर याव्यात म्हणून खटपट करायची नसते.

गिटारला असं तेल लावू नये. गुंडाळीच्या जाड तारांमध्ये ते शिरतं आणि तारा मेलेल्या वाजायला लागतात.

टणक करणारे उपाय: थोडे, जपून

तुरटीने कातडी आकसते आणि कोरडी होते. दाढीनंतर न्हावी फिरवतो तीच. वाटीभर पाण्यात छोटा खडा विरघळवून रियाजानंतर दोन-तीन मिनिटं टोकं बुडवायची, मग साध्या पाण्याने धुवायची. दोन दिवसांआड एकदा. घामट हातांच्या लोकांना याने खरंच बरं वाटतं. कातडी फाटलेली असेल तर अजिबात नाही, आणि थंडीत नाही.

कोऱ्या, दाट, गार झालेल्या चहात बोटं बुडवण्याचा उपायही त्याच जातीचा. चहातलं टॅनिन तेच काम सौम्यपणे करतं. अपेक्षा मोठी ठेवू नका.

मेंदीवर माझा थोडा जास्त विश्वास आहे. मेंदीच्या पानातलं लॉसोन हे रंगद्रव्य कातडीतल्या केराटिनला धरून बसतं, म्हणून तर रंग आठवडाभर टिकतो. साधी पानांची भुकटी पाण्यात भिजवून शनिवारी रात्री टोकांवर लावा. नागपूरच्या इतवारी बाजारातल्या किराणा ओळीत सुटी मेंदी सहज मिळते. मात्र 'काळी मेंदी' म्हणून विकले जाणारे कोन नकोत. त्यांत केस रंगवायचं रसायन मिसळलेलं असू शकतं आणि त्याने फोड येतात. आणि ऑफिसमध्ये लोक बोटांकडे बघून विचारतील, "कोणाचं लग्न?" तेवढी तयारी ठेवा.

हे मात्र लावू नका

बिब्बा पहिला. आपल्या विदर्भात भेगाळलेल्या टाचेला बिब्ब्याचं तेल लावणारी माणसं अजून आहेत, आणि 'बोट टणक होईल' म्हणून कुणी ना कुणी सुचवतंच. बिब्ब्याचा चीक कातडी जाळतो, फोड उठवतो, तो हात डोळ्याला लागला तर आणखी अनर्थ. आजीने सांगितलं तरी नाही.

रुईचा चीक आणि चुना त्याच यादीत. हळद-चुना मुक्या मारावर लावतात, सोललेल्या बोटावर नाही.

लिंबू चोळून उन्हात जाऊ नका. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की भाजल्यासारखे डाग उमटतात, आणि नागपूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे.

लवंगेचं तेल दुखणं थांबवतं, कारण त्यातलं युजेनॉल बोट बधिर करतं. अडचण तीच आहे. दुखत नाही म्हणून तुम्ही वाजवत राहता आणि उठता तेव्हा फोड आलेला असतो.

झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थर बोटावर चढवून वाजवणारे वादक आहेत. त्यांना उद्या कार्यक्रम असतो. तुम्हाला नाही.

फोड आला, चीर पडली

फोड फोडू नका. त्यावरची कातडी ही सगळ्यात चांगली पट्टी आहे. दोन-तीन दिवस ते बोट वापरू नका; तोवर उजव्या हाताचा रियाज करा, बोल, ताल, मोकळ्या तारांवरची बोटं. कंटाळवाणं वाटतं, पण उजवा हात एरवी सगळ्यांचाच मागे राहतो. फोड आपोआप फुटला तर साध्या पाण्याने आणि साबणाने धुवा, लोंबणारी कातडी ओढून काढू नका, स्वच्छ पट्टी बांधा.

चिरेवर हळद भरायची सवय आपल्याला आहे, पण किराणातली हळद निर्जंतुक नसते. मधाचंही तसंच: दवाखान्यात जखमेवर वापरतात तो मध खास प्रक्रिया केलेला असतो, डब्यातला नव्हे. उघडी चीर असेल तर धुऊन पट्टी. चीर मिटून नुसती कोरडी भेग उरली असेल तर रात्री तूप. आणि खरं सांगायचं तर भेगेला साधं व्हॅसलीन तुपापेक्षा जास्त टिकतं. नैसर्गिक नाही, पण काम चोख करतं.

बोट ठणकायला लागलं, लाली वर सरकायला लागली, पू दिसला, ताप आला, तर घरगुती सगळं बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. गंजक्या तारेने खोल कापलं असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा. मधुमेह असलेल्यांनी साध्या फोडाकडेही दुर्लक्ष करू नये. बोटाची जाणीव कमी असेल तर जखम उशिरा कळते आणि भरायलाही वेळ लागतो.

नागपूरचे तीन ऋतू, तीन वेगळी बोटं

उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो आणि घराघरांत कूलर सुरू होतात. कूलरच्या झोतात बसून रियाज करू नका. वाळ्याच्या ओल्या पडद्यातून येणारी हवा दमट असते. टोकं मऊ पडतात आणि तारा चार-पाच दिवसांत काळवंडतात. कूलरपासून लांब, पंख्याखाली बसा, मांडीवर कोरडा नॅपकिन ठेवा आणि दर पाच मिनिटांनी हात पुसा. शक्य असेल तर पहाटे वाजवा. उन्हाळ्यात तुरटीचा फायदा सगळ्यात जास्त.

पावसाळ्यात मेंदीचे दिवस असतात, ते साधून घ्या. वाजवून झालं की प्रत्येक तार वरून आणि खालून कोरड्या फडक्याने पुसा. खालची बाजू सगळे विसरतात, आणि गंज तिथूनच सुरू होतो.

थंडी अवघड. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० च्या खाली उतरतो, हवा कोरडी, आणि नुकताच आलेला घट्टा तडकतो. तुरटी, चहा बंद. तेल-तूप रोज रात्री. गार बोटांनी थेट सुरू करू नका. तळहात एकमेकांवर चोळून ऊब येऊ द्या, शेकोटीजवळ बसला असाल तर बोटं सुकेपर्यंत भाजू नका. पहिली दहा मिनिटं विलंबित लयीत.

आणि खाण्याचं

संत्रं सोलताना सालीतलं तेल आणि रसातलं आम्ल दोन्ही बोटांना लागतं, आणि हुळहुळ्या टोकाला ते असं झोंबतं की माणूस संत्र्याची फोड तोंडात टाकायचं विसरतो. ऑक्टोबर-डिसेंबरचा आंबिया बहार असो की फेब्रुवारी-मार्चचा मृग, घट्टा येईपर्यंत संत्री दुसऱ्याकडून सोलून घ्या.

सावजीची, म्हणजे आपल्याकडच्या झणझणीत रश्श्याची, गोष्ट वेगळी आहे. गिटारवाल्याची दुखरी बोटं डाव्या हाताची आणि रश्श्यात बुडणारा हात उजवा, त्यामुळे त्याने निर्धास्त जेवावं. सतारवाल्याच्या उजव्या तर्जनीला मात्र नखी, म्हणजे मिजराब, घट्ट बसते. तिच्या तारेखाली कातडी सोललेली असते आणि तर्री नेमकी तिथेच शिरते. त्याने पहिला महिना चमचा मागावा, लाज बाळगू नये. नखी सैल करून घेण्यासाठी तिची दोन्ही टोकं पक्कडीने अगदी थोडी उघडतात; एकदम उघडली तर ती बोटावर फिरते.

ठेचा करताना डाव्या हाताने मिरची धरत असाल तर तो हात वाचवा. भिवापुरी मिरची झोंबलीच, तर पाण्याने धुऊन उपयोग नाही. तिखटपणा आणणारा घटक तेलात विरघळतो, पाण्यात नाही. आधी खायचं तेल चोळा, मग साबण, मग पाणी.

घट्टा आल्यावर

महिना-दीड महिन्याने टोकं कोरडी, टणक, थोडी चकचकीत दिसायला लागतात. कधी कडेची कातडी सुटते आणि तारेत अडकते. ती दाताने किंवा नखाने ओढू नका, खालचा कच्चा थर उघडा पडतो. बोट कोरडं असताना बारीक नेलफाइलने फक्त सुटलेली कड घासून सपाट करा. घट्टा फार जाड होऊ देण्यातही फायदा नाही, तारेचा स्पर्श कळेनासा होतो.

दिवाळीत पंधरा दिवस गावी गेलात आणि वाद्य घरीच राहिलं, तर घट्टा पातळ व्हायला लागलेला असतो. परत आल्यावर पहिल्या दिवशी पंधरा मिनिटंच वाजवा, आणि त्याआधी फडकं घेऊन तारा पुसा.